झेब्र्याच्या आत

सकाळी सातला मी माझी वेणी गुंडाळते
आणि झेब्र्याचं डोकं चढवते.
आत ओल्या स्पंजाचा वास, आदल्या पाळीतल्या मुलाचा घाम,
बघायला तोंडाच्या जागी जाळीची फट.
त्या फटीतून ला पाझ दिसतं ते एवढंच:
बंपर, चाकं, खिडकीबाहेर आलेली कोपरं.

काम सोपं आहे. सिग्नल लाल झाला
की पांढऱ्या पट्ट्यांवर धावायचं, शेपूट फिरवायची,
रेषेवर चढलेल्या गाडीपुढे गुडघे टेकायचे
आणि तिचं नाक कुरवाळून तिला
मागे ढकलल्याचं नाटक करायचं.
शिट्टी नाही. पावती नाही. बोलायचं तर मुळीच नाही.
नेल्वाबाई म्हणतात, रागावलेल्या माणसाला
फक्त उत्तर हवं असतं,
तेवढं सोडून काहीही द्या.

शिव्या पहिल्या आठवड्यात मोजल्या, मग सोडून दिलं.
या उंचीवर जिना चढताना माणसाला दम पुरत नाही,
शिव्यांना कसा पुरतो कोण जाणे.

मंगळवारी चढावरून निळी मिनीबस आली.
दिसायच्या आधीच ओळखली, सायलेन्सरच्या खोकल्यावरून.
आरशाला तान्ह्या मुलाचा बूट टांगलेला.
तो माझा. डावा.
उजवा कुठे गेला ते आईलाही आठवत नाही.

रस्त्यात एक म्हातारी होती, पाठीवर गाठोडं,
अर्ध्यावर पोचली आणि सिग्नल बदलला.
मागच्या टॅक्सीनं हॉर्न दाबून धरला,
शेजारच्या ट्रकनं फटीत नाक खुपसलं,
आणि बाबांनी डोक्यात राख घालून घेतली.
मला त्याच्या पायऱ्या पाठ आहेत:
आधी मान लाल होते,
मग उजवा अंगठा स्टिअरिंगवर वाजू लागतो.
घरी तोच अंगठा टेबलावर वाजतो
आणि आई उठून रेडिओ बंद करते.

गाडी वीतभर पुढे आली. आणखी वीतभर.
मी मधे उभी राहिले.
बंपर मांडीला लागला, गरम,
आणि खिडकीतून शिवी आली, आईवरून.
माझ्या आईवरून.

मग दार उघडलं. चाकाचा पाना घेऊन ते उतरले.
भाडं गोळा करणारा यास्मानी पायरीवरच थिजला,
हातातल्या नाण्यांसकट.

डोकं काढावं असं वाटलं. एका झटक्यात.
बघा, कुणावर उगारलाय.
नेल्वाबाई आठवल्या म्हणून थांबले असं नाही.
मानेमागची चेन अडकली होती, रोजसारखी.
म्हणून पाठ फिरवली, म्हातारीचं गाठोडं घेतलं
(बटाटे असावेत, जड होतं)
आणि तिच्या चालीनं चालत राहिले.
फार हळू चालायची ती.
पाठीमागे काहीच झालं नाही.
ते काहीच न होणं मला अजून ऐकू येतं.

रात्री चाइरोच्या वाडग्यात बघत बाबा म्हणाले,
आज एका झेब्र्यानं माझा अख्खा सिग्नल खाल्ला.
यास्मानी सांगतो, मी पाना घेऊन उतरलो होतो.
मला नट पिळल्याचं आठवत नाही.
मग बराच वेळ चमचाच फिरवला.
पाय लटपटत होते त्याचे. आत पोरगंच असणार कुणाचं तरी.

मी मीठ मागितलं.
आईनं मिठाबरोबर मलमाची डबीही
टेबलाखालून माझ्या हातात ठेवली.
तिला कोणी सांगितलं, विचारलं नाही.

बुधवारी निळी मिनीबस थांबली.
रेषेच्या अलीकडे नाही, अर्धं चाक पट्ट्यावरच.
टॅक्सी मागे बोंबलत होती. अंगठा स्थिर होता.
मी गुडघे टेकले, नाक कुरवाळलं, ढकललं,
आणि गाडी खरंच मागे गेली.
वीतभर.

चढ होता. ब्रेक सुटला असेल.